दांडा का कॅमेरा

आन् कावळा काही शिवेना! तुमाले सांगतो, दहाव्याचा दिवस, नदीचा काठ, ऊन डोक्यावर, अर्धं केनवड गोळा झालेलं, मानसं पिंडापासून मागं सरून सरून पार बोरीच्या काट्यात गेली, आन् कावळा बाभळीवर बसून असा पाहे, जसं काई आमीच त्याच्या घरी जेवाले आलो! पिंड कोनाचा? माह्या मोठ्या भावाचा. रविकांतदादाचा. वय सव्वीस. जानराव काका हात जोडून वरडे, "रविकांत, तुह्या बहिनीचं, वैष्णवीचं लगन धूमधडाक्यात करू बाप्पा!" कावळा हालेना. "तुह्या मायबापाले सांभाळू!" हालेना. "अबे बादल, तू तं लहाना भाऊ, काय राह्यलं होतं त्याच्या मनात?"

मले माहीत होतं ना! पन चारचौघात सांगू कसं? तुमीच सांगा, दांडा का कॅमेरा?

दादा पुन्याले गेम झोनमदी कामाले होता. ते बंद पडलं, तं तिथले दोन जुने गेमचे डब्बे मालकानं त्याले देऊन टाकले, टीव्हीले जोडाचे; ते घेऊन दादा घरी आला. एकाले दांडा. हातात धराचा, दोरी मनगटात अडकवाची, इथं हात फिरवला का टीव्हीतला मानूस तिथं हात फिरवते. दुसऱ्याले दांडाच नाही! नुसता कॅमेरा, तुमचं अख्खं आंग पाहते. मी म्हनो कॅमेराच चांगला, हात मोकळे, सेलचा खर्च नाही. दादा म्हने, "अबे येड्या, तुह्या कॅमेऱ्याले सात फूट जागा लागते, घर आपलं दहा फूट, त्यात मायची पेटी!" खरं होतं ते. मी दाराबाहेर ओट्यावर उभा राहून बॉक्सिंग खेळो. एक डाव माय झाडू घेऊन मधून गेली, तं कॅमेऱ्यानं तिलेच दुसरा खेळाडू धरलं, आन् माय जिंकली! टीव्हीकडं न पाहता!

आन् दादा? खाटेवर लोळून मनगट जरासं झटके, का बॉलिंगच्या दहाच्या दहा खुंट्या आडव्या. म्हनलं, हे खेळनं हाय का माशी हाकलनं? तं म्हने, "दांडा हात वळखते, बादल. तुहा कॅमेरा आंधी इचार करते, मंग हालते. आपल्या बाबासारखा." बाबा तिथंच बसेल होते. थोड्या येळानं म्हनले, "काय म्हनला बे?"

असं रोज भांडन. रोज! दांडा का कॅमेरा, दांडा का कॅमेरा...

मंग त्या मंगळवारी दांड्यातले सेल संपले. मी हासलो. "मेला तुहा दांडा!" असंच म्हनलं, याच तोंडानं. "कॅमेरा मरत नाही. मान्य कर, हारला." दादा उठला, गावातलं दुकान बंद, गाडीले किक मारली. "थांब, सेल आनतो आन् दाखवतो तुले." रिसोडच्या रस्त्यावर समोरून टिप्पर... जाऊ द्या. त्याच्या खिशातलं सामान पोलिसांनी कागदात बांधून दिलं. मोबाईल, कंगवा, आन् दोन सेल. नवे.

आता हे नदीवर सांगू कसं? पन कावळा हालेना, माय रडून राह्यली, मी गेलो पुढं. हळूच म्हनलं, "दादा, दांडा चांगला." काका म्हने, "काय?" मंग वरडलोच, "दांडा चांगला! मी हारलो! दांडाच चांगला!"

...आन् उतरला ना कावळा! सरळ पिंडावर! लोकं येकमेकाच्या तोंडाकडं पाहे. काका म्हने, "कोनता दांडा बे? कुऱ्हाडीचा?" माही मान हालली फक्त, हो का नाही ते मलेही माहीत नाही. तं काकानं सुताराकडून बाभळीचा नवा दांडा घडवून आनला, हळद-कुंकू लावून फोटोखाली ठेवला. येनारा-जानारा त्याच्या पाया पडते. माय रोज पुसते.

खरा दांडा माह्यापाशी हाय. ते दोन सेल टाकले त्यात. लाईट लागते, चालते. मनगटात दोरी घालून बसतो... हालवत नाही.

आन् सकाळी सकाळी चढतो छतावर. मोठ्यानं म्हनतो, "दादा, खोटं बोललो! कॅमेराच चांगला!" म्हनलं, भांडाले तरी येईन.

कावळाच येते. शिळी पोळी उचलते, जाते.