एकाच कार्डावरचे आकडे

(अलेक्झांड्रियाचं बंदर. क्रेनचालकांची तपासणी करायला आलेल्या मानसशास्त्रज्ञ डॉ. इनास यांची खोली.)

फिक्री : ...आणि बावीस वर्षं क्रेन चालवणारा माणूस उद्यापासून फाटकावर पावत्या बघणार. हे तुमचंच डोकं ना, डॉक्टरीणबाई?

इनास : उस्ताद फिक्री, आधी बसा. मी निकाल दिला. बदली कंपनीनं केली.

फिक्री : बसायला नाही आलो.

इनास : मग उभ्यानं ऐका. सेकंदाला एक असे कार्डावरचे आकडे मी वाचते, तुम्ही त्याच क्रमानं परत म्हणता. तेवढ्या वेळापुरतं डोक्यात किती टिकतं, ते मला मोजायचं असतं. एकसष्ट जणांची सरासरी साडेआठ. तुमचे पाच. रेडिओवर कंटेनरचा सात आकडी नंबर येतो. काय लिहायला हवं होतं मी?

फिक्री : साडेआठ! आमचा बस्यूनी स्वतःच्या पोरांची नावं विसरतो. त्याला किती?

इनास : नऊ. पोटात दुखणं साहजिक आहे. वय होतं माणसाचं.

फिक्री : माझं वय काढू नका. परत घ्या परीक्षा. आत्ता.

इनास : घेते. जिरू दे एकदाची. चार, नऊ, एक...

फिक्री : सात, दोन, आठ, पाच, तीन, सहा.

इनास : मी तीनच वाचले.

फिक्री : पुढची ओळ वाचायचे कष्ट घेऊ नका. आठ, दोन, पाच, नऊ...

इनास : थांबा. कार्ड कुणी दाखवलं तुम्हाला?

फिक्री : दाखवतंय कोण? पहिल्या दिवशी आम्ही चौघं आलो. संध्याकाळी कहवाखान्यात बसलो, तर सगळ्यांनी घेरलं. कुणाला दोन आकडे आठवत होते, कुणाला चार. जुळवून जुळवून कार्ड पुरं झालं. दुसऱ्या दिवसापासून लोक चहा पिता पिता पाठ करून यायचे. तुमचा कागद काढा. नापास कोण आहे?

इनास : ...चौघंच.

फिक्री : पहिल्या दिवशीचे.

इनास : सगळ्यांना कार्ड एकच ठेवलं ते न्याय म्हणून. एकाला सोपं, एकाला अवघड नको.

फिक्री : चोर सोडून संन्याशाला फाशी, हाच ना तो न्याय?

इनास : आणि इतके दिवस तोंड शिवून बसलात?

फिक्री : माझीच माणसं ती. चुगली करायची नव्हती. पोटावर पाय आला तेव्हा आलो.

इनास : अहवाल गेलाय. परवा कैरोत मला तो मांडायचाय. ऐका. आत्ताची परीक्षा मी खरी धरते. नऊ लिहिते. क्रेन तुमची तुम्हाला. बाकीचं या खोलीत राहील.

फिक्री : आणि ते तिघं?

इनास : तुम्ही स्वतःचं बघा. पाचावर कंपनी तुम्हाला क्रेनवर चढू देणार आहे का?

फिक्री : माझ्या क्रेनखाली माणसं उभी असतात, बाई. नंबर अर्धा ऐकू आला की मी परत विचारतो. शिव्या खातो, पण विचारतो. तुमच्याकडे परत विचारायची मुभाच नव्हती.

इनास : परीक्षेचा नियमच आहे तो.

फिक्री : असेल.

इनास : मग काय लिहू?

फिक्री : पाच. आणि त्याखाली लिहा, हा माणूस परत विचारतो.