गुलाबी पिल्लांचा न्याय

—थांब बाय, आता बोललीस ते परत बोल, पण हळू. जनीचं दार भिंतीच्या पलीकडंच हाय. माझी जाऊ ती. आंगण एक, चुली दोन, कोंबड्या दोघींच्या. म्हणजे तू म्हणतेस, झडप घालणाऱ्या शिकऱ्याला वरनं पिल्लांचा घोळका दिसला की त्याचं डोकंच फिरतं — सगळी तपकिरी, सगळी पळतात, ह्याला धरू का त्याला, आणि शेवटी एकपण नाय गावत. पण त्यात एखादं निराळं असलं, समज गुलाबी — गुलाबी कोण म्हणालं? मीच म्हणाले? बरं, मीच. तर त्याची नजर त्या एकावर जाऊन बसते, बाकीची त्याच्यापुरती विझली. आणि हे तुमी पुण्याला बसून शोधलंत, त्या पाटीएवढ्या मोबाइलवर ठिपके नाचवून. माझ्या कोंबडीला पण दाखवलेस सकाळी. बसलेय बघ अजून बावळट, कुठला ठिपका खाऊ म्हणून.

तर झालं काय, हिकडं बाया कोंबडीच्या पायाला चिंधी बांधतात, आपली ओळखू यावी म्हणून. पिल्लाच्या पायात चिंधी टिकत नाय. मी म्हटलं, दारात बसल्या बसल्या दिसली पायजेत. होळीचा रंग उरलेला, तो कालवला आणि एकेक पिल्लू बुचकळून काढलं. आमचा कोंडू म्हणतो, लगीन हाय का त्यांचं? नवऱ्याला काय कळतंय. मग एक गेलं. मग दुसरं. जनीची तपकिरी जागच्या जागी, माझी गुलाबी तेवढी जातात — आता तूच सांग, माणूस काय समजंल? शिकरा रंग बघून नेतो असं कुणाच्या आजीनं सांगितलंय? नेणार ती जाऊच.

मग देवळापुढं बैठक बसवली मी. पदर खोचला, हे असे हात नाचवले, उभी राहून तोंडाचा पट्टा सोडला. जनी खांबाला टेकून बसलेली. हूं नाय की चूं नाय. सगळा गाव माझ्याकडं बघतोय. तू त्या बेडकाचं सांगितलंस ना, समोर मेलेल्या माश्यांचा ढीग पडला तरी उपाशी मरंल, त्याला हलती माशीच पायजे — तसलीच आमची पंचायत. हात हलवंल तो खरा. जनी हललीच नाय, मग तिला कोण बघतंय? मासा, बेडूक, पाखरू, माणूस, ज्याला पाठीचा कणा त्याचं डोकं असंच चालतं म्हणतेस. आता आमच्या सरपंचाला कणा कुठाय, पण त्याचं तरी निराळं काय झालं? म्हणाला, जनीनं गावदेवीपुढं नारळ उचलावा, शपथ घ्यावी. आजचाच दिवस धरलाय. तुला वाटंल, घेईल शपथ, सुटंल. नाय गो. नारळ उचलायची पाळी जिच्यावर आली तिचा डाग काय जात नाय, खरी निघाली तरी. लग्नाकार्यात तांदूळ निवडायला पण बसवत नाय तिला कुणी.

पिसं? शिकरा आधी पिसं उपटून टाकतो म्हणतेस? कसली पिसं? ती होय — ऐनाच्या झाडाखाली पडली होती थोडी. गुलाबी, मग काय हिरवी असणार? चुलीत घातली. कधी म्हणजे? बैठकीच्या आधी. आंगणात घाण नको म्हणून घातली, तू काय पोलीस हायेस? तुला जनी म्हायती नाय. ती भांडत नाय. मी सासूला उलट बोलले, ती गप. मी शेताचा बांध सरकवला — सरकला, म्हणजे पावसानं सरकला — तरी ती गप. अशा बाईच्या शेजारी जन्म काढून बघ. ती नुसती बसते आणि वाईट आपण दिसतो. एकदा तरी हात नाचवायचे होते तिनं. मी काय तिला अडवलं होतं?

सांगू? मी? देवळापुढं उभी राहून सांगू, की मीच रंगवली म्हणून शिकऱ्याला दिसली? पोरंटोरं हसतील. आयुष्यभर या देवकीला कुणी हसलं नाय, शिव्या दिल्या असतील. आणि तू पण नको सांगू. तुझं काय ते पुण्याला सांग, तिकडं जनी नाय कुणाला म्हायती.

गप. कडी वाजली. निघाली बघ, हातात नारळ. ठेवणीतलं लुगडं नेसलेय. काय गो, एकटीच निघाली, तिचा नवरा पण नाय संगती.

—जने. ए जने, थांब. तो नारळ ठेव घरात. मी माफ केलं तुला. ऐकलंस का? गेली ती गेली पिल्लं. जाऊ म्हणून सोडून दिलं मी, बैठकीत सांगते तसं, देवकीनं मोठ्या मनानं सोडून दिलं म्हणून. ये, भाकरी खा माझ्याकडं, सुकटीची चटणी केलेय. अगो, माफ केलं म्हणते ना, मग चाललीस कुठं? जने—

वळून पण बघत नाय.

तू काय बघतेस माझ्याकडं? चहा झाला ना पिऊन? शेणव्याच्या फाट्यावरून जीप मिळंल. ऊठ.