उस्मानचाचा आणि दोन इंजिनं

आमचे उस्मानचाचा विमानात बसले होते, ते सांगितलं का तुम्हाला? आणीबाणी नुकतीच उठली होती. एका सूतगिरणीच्या शेठने भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवणाऱ्या आम्हा दोघांना आपल्या छोट्या विमानातून सुरतला नेलं.

पायलट कौतुकाने म्हणाला, "दोन टर्बोप्रॉप इंजिनं आहेत. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर उतरवतो."

"त्यात काय मोठं, बेटा? माझा एक लूम बंद पडला तरी बाकीचे चालतातच," चाचा ऐटीत बोलले.

सुरत जवळ आलं, तसा दोन्ही इंजिनांचा आवाज एकदम खाली आला. आयुष्य लूमच्या खडखडाटात काढलेल्या चाचांनी माझा हात घट्ट धरला. "या अल्लाह, लाईट गेली!"

पायलट हसला. "चाचा, उतरायचंय म्हणून पॉवर कमी केली."

"मग आधी सांगायचं ना! भिवंडीत लाईट जाते तेव्हा निदान आपण जमिनीवर असतो!"