अंगणातल्या दोन ट्रॉल्या

—नाही, फावडं लावू नका. वीरण्णा मामा, तुम्हालाच म्हणतेय, आणि ते ट्रॅक्टरचं इंजिन आधी बंद करायला सांगा, ऋतुजा आत्ता कुठं झोपलीय. महादेवप्पा साहेबांनी पाठवलं ना? माहितीय. सकाळीच फोन आला होता — अंबिका मॅडम, उद्या प्रदूषण मंडळाची माणसं येणार आहेत, तुमच्या अंगणातला माल उचलून नेतो, तुम्हालाही बरं, आम्हालाही बरं. किती गोड बोलले! आठ दिवस मी रजेवर आहे, लेकरू कसं आहे म्हणून एकदा विचारलं नाही, आणि अंगणाची एवढी काळजी. शी. फोन धुवून काढावासा वाटला मला.

बसा. तिथं नको, तिथं काळं आहे — सगळीकडंच आहे म्हणा. उंबऱ्यावर आहे, बादलीच्या कडेला आहे, धुतलेल्या लंगोटांवर आहे. आणि तो मळीचा वास, आंबूस-गोड — तुम्हाला येत नसेल, इतक्या वर्षांत तुमचं नाक मेलंय. कालपासून चारदा अंगण धुतलं मी. धुतलं की काय होतं? चिखल होतो. काळा, चिकट, गोड वासाचा चिखल.

काय म्हणालात? मीच मागवला होता? — हाव, मीच. पावसाळ्यात दारापुढं पाय रुतायचा, प्लांटवर फुटक्या ब्रिकेटींचा, त्या काळ्या गोळ्यांचा, ढीग पडलेला. मीच नवऱ्याला, मल्लेशला म्हटलं, दोन ट्रॉल्या टाकून घेऊ, दगडासारखं बसेल. तो नको म्हणत होता. आणि समोरची जगदेवी अक्का बघत उभी, तर तिलाही ऐटीत सांगितलं, अक्का, तुमच्याही दारात टाकून घ्या. गल्लीत एम.एस्सी. झालेली मी एकटी — मॅडम म्हणते म्हणजे चांगलंच असणार, नाही का? तिनंही टाकून घेतला.

काय असतं त्यात? रोज मीच तर तपासते. रोलिंग मिलमध्ये लोखंडावरून सुटलेली खपली, चुना, चिकटायला साखर कारखान्याची मळी, आणि मागच्या वर्षापासून जालन्याहून परतीच्या ट्रकनं येते ती भट्टीच्या धुराड्यातली धूळ. सगळं दाबून मुठीएवढे गोळे करायचे, पुन्हा भट्टीत घालायला पाठवायचे. कचऱ्यातून पोलाद! मुलाखतीत काय सुंदर बोलले होते मी त्यावर. पण माझ्या तक्त्यात रकाने कोणते? लोह, ओलावा, चुना, मजबुती. शिशाचा रकाना नाही. साहेब म्हणाले, जालनावाले मागत नाहीत तर आपण कशाला काढायचा? आणि त्या धुळीत शिसं असतं हे मला माहीत नव्हतं का — पाणी घेता मामा? जारचं आहे, घरातलं नाही देत.

ऋतुजा रांगत जायची, तुकडा उचलायची आणि चोखत बसायची. गोड लागतो ना. आईनं काय करावं? ओढून घ्यावा. ओढला, पण अक्कानं — अगं अंबिका, काळं खाऊन राहिलं की तुझं लेकरू! आणि मी — हे मल्लेशलाही ठाऊक नाही — मी हसले. म्हटलं, अक्का, लोखंडच आहे ते, वरून मळी. रक्त कमी म्हणून डॉक्टर लोहाचंच औषध देतात, हे फुकटचं. फुकटचं म्हटलं मी! चौथी शिकलेली बाई लेकराच्या तोंडात बोट घालून तुकडा काढते आणि मी शेजारी उभी राहून तिला टक्केवारी सांगते, बासष्ट टक्के लोह म्हणून. दात घासताना आता माझ्याच तोंडाची किळस येते मला.

मग जेवायची नाही, पोट धरून रडायची, धरून उभी राहायला लागली होती तेही थांबलं. लातूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. शिसं पाचच्या खाली पाहिजे, हिचं अडतीस. त्यांनी विचारलं, घराला जुना रंग आहे का, बॅटऱ्यांचं काम करता का? मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतं हो. रंग नव्हता, बॅटऱ्या नव्हत्या. ते लिहून घेत होते, आणि मी त्यांच्या पेनाकडं बघत बसले.

मंडळाला कुणी कळवलं? साहेब शोधून राहिलेत वाटतं. नाव न सांगता कुणीतरी फोन केला, बाईचा आवाज होता, एवढं — बघा. ओठांवर येतंय माझ्या. सांगा जाऊन. मीच. पदर तोंडाशी धरून बोलले, जशी काही सिनेमातली.

हे सगळं मला आत्ताच्या आत्ता दारातून गेलेलं पाहिजे, मामा. पण तुम्ही उचललं की उद्या त्यांना काय दाखवू? आणि ठेवलं तर तक्त्यांवर सह्या कुणाच्या? माझ्याच. — राहू द्या. सह्या तर राहू द्या. मल्लेश दुपारी ऋतुजाला माझ्या माहेरी कंधारला नेतोय. एक रात्र राहू दे हे इथं.

काय? मग समोरचं आधी भरता? जगदेवी अक्का हो म्हणाली? काय सांगितलंत तिला — त्याच्या जागी छान मुरूम टाकून देतो? आणि ती खूश झाली असेल. तिची नात रोज त्याच्यावर भातुकली मांडते, मामा. तिचं रक्त कुणी तपासलं? तपासायला कुणी सांगितलं? आठ दिवस झाले, अक्का रोज ऋतुजाला बघायला येते, डोक्यावरून हात फिरवते, कुणाची नजर लागली म्हणते — आणि मी तिला चहा करून देते. चहा!

आली बघा. नात कडेवर आहे. उठा, उठा मामा. नाही, एक फावडंसुद्धा भरायचं नाही, ना इथलं ना तिथलं. साहेबांना काय सांगायचं ते सांगा. तुमच्यासमोर नाही मला हे बोलता यायचं. जा म्हणते ना —

अक्का, तिला खाली नका सोडू.