राबाखालची तार

दिनांक १७/०४/२००७

मी, जागृती शत्रुघ्न घरत, वय ४५ वर्षे, धंदा घरच्या जागेत संगणक केंद्र, राहणार चांदीप, तालुका वसई, जिल्हा ठाणे. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

१९८४ साली लग्न होऊन मी चांदीपला आले, तेव्हा माझ्या सासूबाई पुतळाबाई मला म्हणाल्या होत्या, "लिवता येनाऱ्या बाईला हितं काय काम हाय गं?" तो टोमणा नव्हता. त्यांनी खरेच विचारले होते. या वाक्याचा तक्रारीशी संबंध नाही, असे जबाब लिहून घेणारे हवालदार साहेब म्हणतात. माझ्या मते आहे. तरी ते राहू द्यावे.

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या घरच्या फोनला ब्रॉडबँड जोडून मिळाले. तेव्हापासून ओटीलगतच्या खोलीत मी केंद्र चालवते. मुंबईच्या एका कंपनीकडून विम्याच्या अर्जांचे फोटो सकाळी लाईनवरून येतात. ते बघून टाईप करायचे आणि संध्याकाळी पाचच्या आत परत पाठवायचे, असे काम आहे. गावातल्या अकरा मुली व बायका कामाला आहेत. यातल्या सात जणी पूर्वी पहाटेच्या एस.टी.ने कंपन्यांत पॅकिंगला जात. सलग आठवडाभर काम चुकले तर ते दुसरीकडे देऊ, असे कंपनीने सुरुवातीलाच कळवलेले आहे.

रविवार दिनांक ८ रोजी ईस्टर होता. टायपिंग क्लासपासूनची माझी मैत्रीण ग्रेसी भुईगावला असते. मी व माझे पती तिच्याकडे जेवायला गेलो होतो. सासूबाई घरी होत्या. सोमवारी सकाळी नऊला मशीन सुरू केले तेव्हा लाईन बंद होती. दुपारी लाईनमन आला. खांब आणि घर यांच्यामध्ये अंदाजे चाळीस फूट तार जागेवर नाही, चोरीच आहे, असे तो म्हणाला. मंगळवारी मी या पोलीस ठाण्यात तक्रार दिली.

कोणावर संशय आहे का, असे मला दोनदा विचारण्यात आले. दुसऱ्या वेळी मी कल्पेश घरत, वय २४, याचे नाव दिले. तो माझ्या मयत दिरांचा मुलगा असून शेजारच्याच घरात राहतो. टेम्पोवर भंगार गोळा करतो. महिन्याभरापूर्वी तो मला म्हणाला होता, "काकी, जुनी वायरबियर निघाली तर बाहेर देऊ नका, मला द्या." याशिवाय माझ्याकडे काहीही कारण नव्हते. नाव घ्यायला मला कोणी सांगितले नव्हते.

बुधवारी कल्पेशला येथे बोलावून सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत बसवून ठेवले. तो टेम्पोच्या कागदांसाठी गेला आहे, असे आम्ही सासूबाईंना सांगितले. तो त्यांचा नातू आहे. चोरीचे आम्ही त्यांच्यापुढे काढलेच नाही, फोन बिघडला आहे एवढेच सांगितले.

गुरुवारी सकाळी कल्पेशने टेम्पो माझ्या दारात लावला. म्हणाला, "काकी, विरारला सायबर कॅफे आहे. पोरींना बसवा मागे, गादी टाकलीये." मी काही बोलणार होते. तो म्हणाला, "नाव तुम्ही दिलंत, ते मला माहितीये. आता चला, पाच वाजता पाठवायचं असतं ना तुमचं?" गुरुवार, शुक्रवार व शनिवार या तीन दिवशी त्याने मुलींना नेले-आणले. डिझेलचे पैसे घेतले नाहीत. तीन दिवसांत तो माझ्या घरात आला नाही, पाणी बाहेरच मागून घेतले.

रविवार दिनांक १५ रोजी सकाळी तो अंगणात पाणी पिताना शिराळ्याच्या मांडवाकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसला. म्हणाला, "काकी, पोलिसांकडे कशाला गेलात? भंगारवाल्याला विचारायचं होतं. हे जळकं तांबं आहे." सासूबाईंनी मांडव तारेने बांधला होता. मी हात लावला, तर बोटे काळी झाली.

सासूबाईंना विचारले असता त्या म्हणाल्या, "राबातली हाय. मागल्या ऐतवारी भाजला ना मी! राख सारखी केली तवा निघाली. चांगली तार हाय, टाकू कशाला?" आम्ही तार शोधत होतो तेव्हा का सांगितले नाही, असे विचारल्यावर म्हणाल्या, "मला कोनी इचारलं?"

याबाबत खुलासा असा की, दिवाळीत खांब कलला व तार लोंबू लागली. म्हणून माझ्या पतींनी ती तात्पुरती प्लॅस्टिकच्या पाईपात घालून शेतातून जमिनीलगत आणली. तेव्हा शेत रिकामे होते. त्याच तुकड्यात दरवर्षी भाताची रोपे करतात व त्यासाठी आधी तेथे पालापाचोळा, शेण पसरून राब भाजतात. हे माझ्या पतींना लहानपणापासून माहीत आहे, मला तेवीस वर्षे माहीत आहे. सोमवारी लाईनमन व मी त्या काळ्या जमिनीवर उभे राहूनच तार शोधत होतो. एप्रिलमध्ये भाजलेला राब आमच्याकडे कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

काल सोमवारी लाईनमनने नवी तार खांबावरून ओढली. अकरा वाजून वीस मिनिटांनी ब्रॉडबँडच्या डब्यावरचे हिरवे दिवे लागले. संपदा नावाची मुलगी "आली गं!" म्हणून ओरडली. त्यानंतर काही वेळ कोणीच खुर्चीवर बसले नाही. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. काम कंपनीने काढून घेतलेले नाही. सासूबाई दारात येऊन विचारून गेल्या, "मंग आता मांडव कशानं बांधू?" कल्पेशने त्यांना टेम्पोतली नायलॉनची दोरी दिली.

माझी कोणतीही वस्तू चोरीस गेलेली नाही. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

वरील मजकूर हवालदार साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मीही स्वतः वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही करण्यापूर्वी एवढेच आणखी लिहून घ्यावे, की दिनांक १० च्या नोंदीत माझ्या तोंडून कल्पेशचे नाव आलेले आहे. ठाण्यातली नोंद खोडता येत नाही, असे मला आजच दोनदा सांगण्यात आले आहे. तरी ते नाव खोडावे, ही विनंती.