नळ्यांचा फोटो

माझं माहेर नरसिंहपूरचं आणि दिलं कळंबला, डाळिंबाच्या बागेत. धा वर्सं झाली लग्नाला. कामाला मी कमी न्हाय, छाटणी म्हणा, फवारणी म्हणा, ठिबकच्या नळ्या तुंबल्या की टोकं सोडून धुवायच्या म्हणा, समदं मीच करते. पण काय सांगू ताई तुमाला, पोर न्हाय म्हणलं की ते काम कुणाला दिसत न्हाय. बारशाला बोलावतात आणि पाळण्याच्या दोरीला हात लावू देत न्हाईत. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, त्यांनी तोंडावर सांगितलं, दिवाळीपतूर दवाखान्याचा काय तो निकाल लाव, न्हायतर फारकत घे, पाव्हण्यातली पोरगी बघून ठेवलीया. मालक तितंच जेवत हुते. मान वर केली न्हाय त्यांनी.

मग आमी बारामतीला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणल्या, पिशवीच्या दोन्ही नळ्या मोकळ्या आहेत का बघू, औषध सोडून फोटो काढायचा, पाळीच्या नवव्या दिवशी या आणि तोवर नवऱ्याजवळ जाऊ नका. मी व्हय म्हणलं. आता चूक माझीच. आमच्यात अजून चार दिस बाजूला बसायचं, पाचव्या दिशी डोकं धुतलं की घरात यायचं. ते चार दिस कुणी धरतच न्हाय, डोकं धुतलं तो पहिला दिस. मी तसंच मोजलं आणि गेले. बाई म्हणल्या, अहो हा तेरावा दिवस झाला, आता नाही करता येणार, पोटात काही राहिलं असलं तर त्याला धोका. पोटात राहिलं असलं तर म्हणं! हसू का रडू कळंना. महिना फुकट गेला. घरी आल्यावर आत्याबाई म्हणल्या, हिला धड दिस मोजता येईनात, हिला पोर काय व्हणार.

पुढच्या पाळीला पहिल्या दिसापास्नं बोटं मोजली. तितं गेल्यावर आधी दुखू नये म्हणून गोळी दिली, मग मशीनखाली निजवलं, पाय वर घ्यायला लावलं, लाज तर काय सांगू. आतनं बारीक नळी घातली. बाई म्हणल्या, पाळीत कळ येते तशी येईल, अंग सैल सोडा. औषध सोडलं आणि आई गं, ओटीपोटात पिळा पडला, पर दोन-चार मिनटाचंच काम. त्या दुखण्याचं काय न्हाय ताई. मी निजल्या निजल्या नरसिंहाला म्हणत हुते, बाबा, काय तरी तुंबलेलं निघू दे. तुंबलेलं उघडता येतं, आमी बागेत उघडतोच की.

बाईंनी पडदा दावला, औषध दोन्हीकडनं बाहेर पडत हुतं. म्हणल्या, दोन्ही नळ्या मोकळ्या. एक-दोन दिवस थोडं रक्त जाईल, घाबरू नका, ताप आला किंवा लई दुखलं तर मात्र लगेच या. आणि आता मालकांना तपासायला पाठवा, त्यांचं सोपं असतं, काही दुखत नाही.

ह्यांना बाहेर येऊन सांगितलं. एसटी निघाली तशी हळूच म्हणले, घरी नळ्या बंद हायत म्हणून सांग. धा वर्सांत त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदा काय तरी मागितलं आणि मी येडी, दिलं. आत्याबाईंनी ऐकून घेतलं आणि त्याच सांजंला पाव्हण्यांना फोन लावला.

येत्या रविवारी पोरगी बघायला जाणार हायत. मालकबी जाणार हायत. तपासणीचं नाव काढलं की उठून बागेत जातात. फोटोचं पाकीट मी गव्हाच्या कोठीमागं ठेवलंय, रोज काढते, आत्याबाईंपुढं टाकायचं म्हणते, आणि परत ठेवते. टाकलं तर मालकाची अब्रू जाती, न्हाय टाकलं तर माझं घर जातं. माझं जाऊ द्या. त्या पोरीला मी बघितलंबी न्हाय, पर जीव तिच्यासाठी तुटतो. वर्सभरानं तिलाबी त्याच मशीनखाली निजवतील. देव तिचं भलं करू दे.