दसरूचं गाणं कोणाचं?

मायबापहो, पंचहो, आमदारसाहेब, अन् समोर बसलेल्या सुमनवहिनी.

मले बोलायले उभं केलं, पण काय बोलू? चिचगडच्या बाजारात उभं करा, दिवसभर बोलतो. इथं दसरूचा फोटो ठेवला, त्याले हार घातला, अन् म्हणता रूपचंद, बोल. 

ज्याईले माहीत नाही त्याईले सांगतो. दंडार म्हणजे आपला नाचगाण्याचा खेळ; आमच्या दंडारीत बाईचं काम मी करतो अन् नवऱ्याचं काम शाहीर दसरू करायचा. लुगडं नेसून मी जिंदगीभर त्याच्यावर रुसलो, अन् तो मले गाण्यातून मनवत राहिला. परवा पानठेल्यावर एक जण म्हणे, "रूपा, खरी विधवा त तूच झाली बे." सगळे हसले. मी बी हसलो. मग घरी आलो, दार लावलं अन् रडलो. वहिनी, तुमचं दुःख मोठं आहे. पण माझंही काही गेलं, एवढं आज बोलू द्या.

अन् एक दुसरं सांगतो. मी नुसता दुःखी नाही, मले राग आहे. शोकसभेत रागावू नये म्हणतेत. मग कुठं रागवायचं? साहेबाच्या ऑफिसात त आम्हाले कोणी आत येऊ देत नाही.

तुम्हाले ते धानाच्या बांधीतलं गाणं माहीत आहे. धानाची रोवणी सोडून धुऱ्यावर, बांधावर रुसून बसलेली बायको, अन् चिखलात उभा राहून तिले मनवणारा नवरा. लहान लेकराईले पाठ आहे. ते गाणं दसरूनं माझ्यासमोर बांधलं. रोवणीसाठी धानाचे परे, रोपं, उपटता उपटता चाल बसवली. मी म्हटलं, "अबे, चाल लय लांबली, माझा दम जाईल." म्हणून त्यानं दुसरं कडवं आखूड केलं. मी तिथं होतो, बापहो. माझ्या पायाले बी तोच चिखल लागला होता.

पण शेवटच्या कडव्यात नाव कोणाचं? त्याच्या गुरूचं, लटारूगुरूजीचं. आपल्या दंडारीची रीतच तशी आहे. गाणं चेल्यानं बांधायचं अन् शेवटी नाव गुरूचं घ्यायचं. गुरू जिता असो का मातीत गेलेला असो. अन् जो स्वतःचं नाव घालते, त्याले आपण काय म्हणतो? दीडशहाणा म्हणतो, त्याच्या दंडारीले कोणी बोलावत नाही. दसरूनं जेवढी गाणी बांधली, सगळी गुरूच्या नावानं बांधली.

मग एका कंपनीनं ते गाणं उचललं. शहरातल्या पोराकडून गाऊन घेतलं, डीजेचा ठोका घातला, अन् शेवटचं कडवं कापून टाकलं. लग्नाच्या वराती त्याच्यावर नाचल्या. दसरू एकदा फुलचूरले लग्नाले गेला, तिथं वाजलं. काय खुश झाला! मले म्हणे, "रूपा, आपलं गाणं लॉनवर वाजून राहिलं." मी म्हटलं, "गुरूचं नाव कापलं ना बे." त म्हणे, "कापलं त कापलं. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत आपण पूर्ण गाऊ." असा माणूस. त्याले कोणाचा राग यायचाच नाही. म्हणून आज त्याच्या वाटचा मी रागावून राहिलो.

मागच्या मंडईत काय झालं, ते तुम्ही सगळ्याईनं पाहिलं. मी लुगडं नेसून, तोंड फिरवून स्टेजवर बसलो होतो. ढोलकी वाजून राहिली होती. तेवढ्यात एक माणूस आला. म्हणे, "ये गाना कंपनी का है. लाइसेंस दिखाओ, नहीं तो केस होगा." मंडई भरवणारे मंडळवाले घाबरले. दसरूच्या कानात म्हणे, "शाहीर, दुसरं काही म्हणा." आता सांगा, मी रुसून बसलेलो, अन् मले मनवायले गाणंच नाही! दसरू स्टेजवर उभा, तोंड उघडं, आवाज नाही. तुम्ही हसत होता. तुम्हाले वाटलं सोंग आहे. सोंग नव्हतं, मायबापहो. स्वतःच्या गाण्यासमोर माणूस मुका झाला होता.

त्याच्यानंतर ते दोघं आले. सल्लागार म्हणतेत त्याईले. मागच्या निवडणुकीत प्रचार कसा करा, हात कसे जोडा, हे साहेबाले शिकवायले आले होते, तेच. निवडणूक सरली, आता गाण्याच्या कंपन्याईचं काम घेतलं. सल्ला आमदाराले, पगार कंपनीचा. त्याईचं म्हणणं काय? गावात कोणताही कार्यक्रम असो, आधी कंपनीचं लायसन दाखवा, मगच परवानगी भेटेल, असा नियम करा. अन् साहेबानं त्याची शिफारस सरकारकडे करावी. कायले? त म्हणे कलाकाराच्या भल्यासाठी! आमचं भलं करायले मुंबईहून माणसं येतेत, अन् आम्हाले खबर नाही.

गोंदियाले हॉटेलात त्याईनं सभा ठेवली. लोककलावंतांचा सत्कार म्हणे. दसरूले शाल दिली, श्रीफळ दिलं, मले बी दिलं. समोर कॅमेरा लावला. मग त्यातला चष्मेवाला मोठ्या अदबीनं विचारते, "शाहीरजी, ये गाना आपका है?"

दसरूनं हात जोडले. म्हणे, "नाही जी. माझं नाही. गुरूचं आहे."

मी त्याची बाही ओढली. ऐकते कुठं!

"गुरूजी कहाँ हैं?" "देवाघरी गेले जी." "उनके बाल-बच्चे?" "लग्नच नाही केलं जी त्याईनं." त्या दोघाईनं एकमेकाकडे पाहिलं. बस, त्याईचं काम झालं होतं. ते चित्रण त्याईनं साहेबाले दाखवलं. पाहा, कलाकार स्वतः म्हणते माझं नाही. गाणं बेवारस आहे, कंपनीनं सांभाळलं. आपली रीत, आपला विनय, आपल्याच गळ्याले फास. कोणत्या शाळेत शिकवतेत हे धंदे?

परत येताना बसमध्ये मी त्याले लय बोललो. "काऊन बोलला तसा? तूच बांधलं ना गाणं?" तो म्हणे, "बांधलं मी, दिलं गुरूले. दिलेली वस्तू परत मागतेत का?" मी म्हटलं, "मग कंपनी कायले घेऊन राहिली?"  त्यानं मांडीवरच्या शालीची घडी घातली. मग म्हणे, "रूपा, माझं नाही हे खरं. पण त्याईचं बी नाही. हे सांगायचं राहून गेलं."

तेवढं एक वाक्य सांगायले तो साहेबाच्या ऑफिसात चकरा मारत राहिला. साहेब, मी तुमचा अपमान करायले उभा नाही. पण खरं सांगा, त्या बाकड्यावर बसलेला म्हातारा तुम्हाले दिसत नव्हता? ते दोघं यायचे, सरळ आत जायचे, चहा आत जायचा. दसरू बाहेर. तुमचा माणूस म्हणे, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." मीटिंग कोणाची? दसरूच्याच गाण्याची! अन् दसरू बाहेर बसला आहे! डोकं फिरून जाते माझं, काय सांगू.

शेवटी एकदा तुम्ही बाहेर आले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बघतो, शाहीर." अन् त्या चष्मेवाल्यासंगं गाडीत बसून निघून गेले. दसरू मले म्हणे, "साहेब बघतो म्हणाले, बघतील." विश्वास होता त्याचा तुमच्यावर. माझा नव्हता, आज बी नाही.

गाण्यापायी मेला, असं मी म्हणणार नाही. डॉक्टर म्हणाले हृदय कमजोर होतं. डॉक्टर खोटं कायले बोलेल? पण शेवटी शेवटी तो गुणगुणत बी नव्हता. वहिनीले विचारा. कापणीले गेला त मुक्यानं गेला, मुक्यानं आला. वहिनी म्हणे, "जरा म्हणा ना काही." तो म्हणे, "विचारून म्हणा लागते आता."

बाजूला ते मोठं पुष्पचक्र ठेवलं आहे ना, ते त्या दोघाईनं पाठवलं. रेशमी पट्टीवर लिहिलं आहे, 'लोककलेच्या सच्च्या सेवकाला'. मी ते उचलून उकिरड्यावर टाकणार होतो. वहिनीनं हात धरला. म्हणे, "भाऊजी, फुलाईचा काय दोष?" म्हणून ते तिथं आहे. नाही त नसतं.

गावाले बी दोन शब्द. तुम्ही म्हणाल, रूपचंद साहेबावर तुटून पडला. मंडळवालेहो, त्या माणसानं केस म्हटलं अन् तुम्ही मागं सरले. एकानं तरी विचारलं का, की बाबा, तू कोण? दसरूले गाऊ द्या, आम्ही पाहून घेतो, असं कोणी म्हटलं? शेपूट घालून बसले सगळे. आता हार आणून राहिले.

मंडई तोंडावर आली आहे. दंडार उभी राहील, हे पक्कं. नवऱ्याच्या कामाले दसरूचा पुतण्या उभा राहते, चाल त्याले येते. मी लुगडं नेसीन, वय झालं तरी नेसीन. पण धानाच्या बांधीतलं गाणं आम्ही म्हणायचं का नाही, हे आम्हाले माहीत नाही. साहेब, ते तुम्हाले माहीत आहे. तुमच्या शिफारशीवर सही झाली का बाकी आहे, हेही तुम्हालेच माहीत आहे.

आता आपण दसरूसाठी मौन पाळू. मौन सरल्यावर बाकीचे भाषणवाले थोडे थांबा. हा माइक मी आमदारसाहेबासमोर नेऊन ठेवतो. साहेब, लांबचं बोलू नका, शाहीर किती मोठा होता तेही सांगू नका. त्याच्या बायकोकडे पाहा अन् ते गाणं आम्ही मंडईत म्हणायचं, हो का नाही, एवढं सांगा. तुम्ही बोलेपर्यंत आमचं मौन सुरूच राहील. आम्ही रोवणीवाले लोक आहोत, उभं राहायची सवय आहे.

उठा, मायबापहो. टोप्या काढा. साहेब, तुम्ही बी उठा.